मोहर्लीची बाज, घरची खुर्ची

चंद्रपूरहून मोहर्ली तीसेक किलोमीटर. पद्मापूरच्या कोळसा खाणी मागे पडल्या की रस्त्याच्या दोन्ही अंगांनी साग आणि बांबू सुरू होतात, आणि गावाजवळ इरई धरणाचे पाणी झाडांआडून चमकू लागते. 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या ताडोबात शिरण्याचे हे सर्वांत गजबजलेले दार. चंद्रपुरात राहूनही आम्ही तिथे कुटुंबासह मुक्कामाला गेलो नव्हतो. यंदा जानेवारीत गेलो. सफारीची तिकिटे बुधवार सकाळची होती. पण सुट्ट्या जमवण्याच्या नादात सोमवारी संध्याकाळीच पोचलो. मंगळवारी ताडोबा बंद असतो, हे कुणाच्याच ध्यानात नव्हते.

“आज वाघाची सुट्टी,” घरमालकीण हसत म्हणाली. फजरची नमाज आटोपून मुले अंगणातल्या शेकोटीजवळ हिरमुसून बसली. आणि त्या रिकाम्या दिवसानेच आम्हाला जे द्यायचे ते दिले.

खरे तर आम्ही घरातून एक ओझे बरोबर घेऊन निघालो होतो. मोठ्या मुलीसाठी एक चांगले स्थळ आले होते. महिनाभरात पाहुणे घरी येणार होते. बैठकीतल्या चार खुर्च्या पाहून माझा जीव थोडा थोडा होत होता. वेताच्या बैठका फाटलेल्या, एक पाय डुगडुगता, पॉलिश उडालेले. यांनी एका दुकानात सोफासेट पाहून ठेवला होता. रोख पैसे नव्हते. हप्ते पडणार होते आणि हप्त्यांवर व्याज. आम्ही दोघेही त्यावर मोकळेपणी बोलत नव्हतो. व्याज नको हे दोघांनाही कळत होते, पण लोक काय म्हणतील हेही सुटत नव्हते.

मोहर्लीच्या त्या अंगणात घरातले आजोबा बाज विणायला बसले. जुनी, कुजलेली दोरी त्यांनी कापून काढली. चौकट सागाची, धुराने काळी पडलेली. चारही सांधे हलवून पाहिले, एका सांध्यात लाकडाची बारीक पाचर ठोकली आणि नवी दोरी तिरपी टाकायला सुरुवात केली. दोन दोऱ्या वर, दोन खाली. शेवटी पायथ्याकडची दोरी ओढून बाज अशी ताणली की हाताने थाप मारली तर आवाज यावा. आमच्या अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, बाजूला बसून सगळे पाहत होत्या. त्यांनी विचारले, “दादा, किती जुनी?” आजोबा म्हणाले, “माझ्या बापाची. दोरी कितीदा बदलली, मोजली नाही. चौकट धड आहे तर टाकायची कशाला?”

दुपारी गावात फिरताना एका ओसरीवर बांबूच्या कामट्या सोलून टोपली विणणारी बाई दिसली. या दोन जिल्ह्यांत बांबू म्हणजे सूप, टोपली, चटई, कुडाची भिंत आणि बल्लारपूरचा कागदही. चंद्रपूर-मूल रस्त्यावर चिचपल्लीला 2014 पासून बांबूचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने तर वनहक्क कायद्याच्या आधारे 2011 साली आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकण्याचा अधिकार मिळवला. आमच्या मुलीने त्या बाईला विचारले, की बांबूला भुंगा लागू नये म्हणून काय करता? ओला बांबू काही दिवस पाण्यात बुडवून ठेवायचा, त्यातला गोडवा निघून जातो, मग कीड कमी लागते, असे तिने सांगितले.

बुधवारी पहाटे उघड्या जिप्सीत थंडीने दात वाजले. वाघ दिसला, तेही दूर, गवतात अर्धा. त्याची गोष्ट मुलेच अजून सांगत असतात. मला आठवते ते परतीच्या वाटेवरचे अम्मींचे वाक्य : “त्या खुर्च्या तुझ्या सासऱ्यांनी बल्लारपूरच्या सागाच्या करून घेतल्या होत्या. चौकट धड आहे.” यांनी मान हलवली. सोफ्याचा विषय तिथेच संपला.

घरी आल्यावर एक एक खुर्ची गॅलरीत घेतली. आपल्याही घरी अशा खुर्च्या असतील, म्हणून केलेले काम जसेच्या तसे सांगते.

डुगडुगता सांधा सोडवून जुना वाळका डिंक खरवडून काढला. नव्याने फेविकॉल लावून सांधा दोरीने आवळून पूर्ण एक दिवस तसाच ठेवला. नुसता वरून खिळा मारला तर लाकूड फाटते. मग पॉलिश पेपर : आधी 80 नंबर, मग 120, शेवटी 220, आणि नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच. धूळ ओल्या फडक्याने पुसून, लाकूड वाळल्यावर रंगाच्या दुकानात मिळणारे डबल बॉइल्ड जवसाचे तेल कापडाने पातळ लावले. पंधरा-वीस मिनिटांनी जास्तीचे पुसून घेतले. एक दिवसाआड असे तीन हात. एक काळजी मात्र जरूर घ्या. तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

वेत विणणारा कारागीर मिळेना, म्हणून बैठकीला पलंगाची नवार घेतली. बैठक अठरा इंच, नवार दोन इंच रुंद; म्हणजे उभ्या नऊ आणि आडव्या नऊ पट्ट्या. दोन्ही बाजूंनी खाली दुमडायला धरून प्रत्येक पट्टी चोवीस इंच. एका खुर्चीला साधारण अकरा मीटर. आधी उभ्या पट्ट्या ताणून खालच्या बाजूने चुका मारल्या, मग आडव्या एक वर एक खाली घातल्या.

गाद्यांची खोळ अम्मींनी ठरवली. मरहूम अब्बांचा राखाडी स्वेटर त्यांनी पेटीतून काढला. कोपरे कसरीने खाल्लेले. “उसव,” म्हणाल्या. मी थबकले. त्या म्हणाल्या, “पेटीत राहून कसर खाईल. त्यापेक्षा कुणाच्या उपयोगी येऊ दे.” आम्ही शिवणी उसवल्या, लोकर खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी केली, चार ठिकाणी सैल बांधून कोमट पाण्यात धुतली आणि सावलीत टांगली. लोकरीचे वळ निघून गेले. खोळींना पुरेशी झाली नाही, म्हणून अम्मींकडच्याच उरलेल्या हिरव्या लोकरीच्या पट्ट्या मध्ये आल्या. शेवटच्या गुंड्यातून मुलीने धाकट्यासाठी टोपी विणली. आधी छोटा नमुना विणून मोजले : दहा सेंटीमीटरला वीस टाके. डोक्याचा घेर बावन्न. विणकाम ताणते म्हणून अठ्ठेचाळीस धरले, म्हणजे शहाण्णव टाके.

कुरआनच्या सूरह नहलमध्ये घर हे विसाव्याचे ठिकाण म्हणून सांगितले आहे, आणि त्याच आयतीत लोकरीपासून मिळणारे घरसामान अल्लाहच्या देणग्यांत मोजले आहे. आपले प्रेषित (स.) घरात आपली चप्पल आणि कपडे स्वतः दुरुस्त करीत, असे हजरत आयेशा (रजि.) यांच्या हदीसमध्ये येते. हे सारे आपण ऐकलेले असते. पण पाहुणे यायचे म्हटले की आधी दुकान आठवते.

पाहुणे आले, त्या खुर्च्यांवर बसले, चहा-नाश्ता झाला. खुर्च्यांबद्दल कुणी काही बोलले नाही. मला तेही बरेच वाटले. स्थळाचे बोलणे अजून चालू आहे. जे मुलीच्या भल्याचे असेल ते अल्लाह करो. एवढे मात्र खरे, की त्या दिवशी आम्ही पाहुण्यांसमोर कर्जाच्या सोफ्यावर बसलो नव्हतो. अम्मी दारापासून पहिल्या खुर्चीवर बसल्या होत्या, आणि त्यांचा हात सारखा राखाडी लोकरीवरून फिरत होता.