जास्त उजेड, कमी रंग

हंस तारकासमूह पावसाळाभर डोक्यावर असतो, पण ढगांच्या पलीकडे. ऑक्टोबरात पुण्याच्या गच्चीवरून तो दिसू लागतो तेव्हा पश्चिमेकडे कललेला असतो. त्याच्या चोचीशी अल्बिरिओ. नुसत्या डोळ्यांना एकच तारा. दुर्बिणीत दोन, सोनेरी आणि निळा, मधे सुमारे 35 विकलांचं अंतर.

प्रस्तुत लेखकाने सहा इंची डॉब्सोनियनमधून ही जोडी घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला दाखवली होती. फोटो मात्र पहिल्या रात्री आलाच नाही. कॅमेरा टी-रिंग या जोडकड्याने जोडला, फोकसर पार आत ढकलला, तरी तारे मेदुवड्यासारखे. मधलं भोक म्हणजे दुय्यम आरशाची सावली. बऱ्याच न्यूटनियन दुर्बिणींत प्रतिमा जिथे रेखीव होते तिथवर कॅमेऱ्याचा सेन्सर पोचतच नाही. मधे प्रतिमा दुप्पट वाढवणारं बार्लो भिंग लावलं तेव्हा वड्यांचे ठिपके झाले.

पुढचा घोटाळा स्वतःचाच. तेजोमेघांच्या फोटोंची सवय, म्हणून एक्स्पोजर दिलं दोन सेकंद! दुर्बिणीला मोटर नाही आणि अल्बिरिओजवळचं आकाश सेकंदाला 13 विकला सरकतं. ताऱ्यांच्या शेवया झाल्या, त्याही पांढऱ्याफटक. सेन्सरवर लाल, हिरवा, निळा असे तिन्ही रंग टिपणारे ठिपके काठोकाठ भरले, की उरतो तो पांढरा.

मग एक्स्पोजर 1/60 सेकंदावर आणलं, व्हाइट बॅलन्स ऑटोवरून डेलाइटवर नेला आणि फोकस मुद्दाम केसभर बिघडवला. प्रकाश जरा पसरला, ठिपक्यांच्या टिकल्या झाल्या. एक हळदीची, दुसरी नुकत्याच धुतलेल्या निळीच्या कपड्यासारखी. हा फरक खरा आहे: सोनेरी ताऱ्याचं पृष्ठतापमान 4,300 केल्विनच्या आसपास, निळ्याचं सुमारे 13,000.

जोडताऱ्याचा पहिला फोटो हार्वर्डच्या जॉर्ज बाँडने 1857 मध्ये काढला. तोही कोणाचा, तर लग्नात नवरीला दाखवतात त्या वसिष्ठ-अरुंधतीचा. त्याच्या 15 इंची दुर्बिणीला आकाशामागे फिरवणारं यंत्र होतं. तेव्हा फोटोसाठी वापरायच्या ओल्या काचेवर रंग तेवढा उतरत नव्हता. पुण्याच्या गच्चीवर सगळं नेमकं उलटं.

या कामाला शहराबाहेर जावं लागत नाही, एवढे असे जोडतारे ठळक असतात. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास व्याधाच्या खाली, बृहल्लुब्धकात ‘हिवाळी अल्बिरिओ’ म्हणून ओळखली जाणारी जोडी शोधा. ती अल्बिरिओपेक्षा मंद आहे, तेव्हा सुरुवात 1/30 पासून करा.