जादा गुणांचा प्रकल्प आणि आईची बादली

शाळा-कॉलेजांत प्रकल्पांचे दिवस आले की वस्तीतल्या स्टेशनरीच्या दुकानापुढे गर्दी होते. रंगीत कार्डशीट, चमकी, छापील चित्रांचे तक्ते आणि पुठ्ठ्याचा तयार ज्वालामुखी. वर खायचा सोडा टाकायचा, व्हिनेगर ओतायचे, फेस आला की प्रकल्प झाला! ज्या बापाचा रोज पाचशे-सहाशेचा, तोही मुलाचे गुण जाऊ नयेत म्हणून तीनशे रुपये मोजतो. मूल तो ज्वालामुखी शाळेत नेते, गुण घेते आणि आठ दिवसांनी तो पुठ्ठा कचऱ्यात जातो. मुलाला विचारा, 'फेस का आला रे?' ते आपल्या तोंडाकडे पाहत राहते.

पालक बंधू-भगिनींनो, आज या प्रकल्पांविषयीच चार शब्द बोलायचे आहेत. विषय रसायनशास्त्राचा आहे म्हणून पान उलटू नका. आम्ही स्वतः पेशाने कारकून, शिक्षण बी.कॉम. रसायनशास्त्राशी आमचा संबंध दहावीलाच संपला. पण गेली काही वर्षे आम्ही चार मित्र मिळून दर रविवारी सकाळी वस्तीच्या वाचनालयाच्या खोलीत आठवी ते बारावीच्या मुलांचा अभ्यासवर्ग चालवतो. शिकवण्याचे काम दोन शिक्षक करतात. चटया घालणे, हजेरी घेणे आणि मुलांना प्रश्न विचारणे एवढे काम आमचे. तिथे बसून जे पाहिले, तेच इथे सांगत आहोत.

प्रकल्पाचे गुण तसे थोडे असतात. केंद्रीय मंडळाच्या बारावीत रसायनशास्त्राच्या ३० प्रात्यक्षिक गुणांपैकी ४ गुण प्रकल्पाचे. आपल्या राज्य मंडळाच्या शाळांतही एखादे हौशी शिक्षक म्हणतात, 'काही वेगळे करून आणा, त्याचा विचार करीन.' अमेरिकेतल्या शाळांत तर जादा गुणांची रीतच आहे. रसायनशास्त्रात मोल नावाची मोजणी असते. डझन म्हणजे बारा, तसे एक मोल म्हणजे ६.०२ गुणिले दहाचा २३ वा घात, इतके कण. म्हणून तिथे दहाव्या महिन्याच्या २३ तारखेला, सकाळी ६ वाजून २ मिनिटांपासून संध्याकाळी ६ वाजून २ मिनिटांपर्यंत 'मोल दिवस' पाळतात. मुले चित्रे काढतात, गाणी रचतात आणि त्याचे गुण मिळवतात. गंमत वाईट नाही. गमतीने का होईना, तो आकडा मुलाच्या डोक्यात बसतो.

पण आमचे म्हणणे थोडे पुढचे आहे. आपल्या मुलांचा प्रकल्प आपल्या घरातून, आपल्या आई-बापाच्या कामातून निघाला पाहिजे. तसा निघाला तर गुण मुलाला मिळतातच, शिवाय घरालाही काही मिळते. कसे ते सांगतो.

अकरावीत शिकणारी एक मुलगी आमच्याकडे येते. तिच्या सरांनी सांगितले होते, स्वतःच्या डोक्याने प्रकल्प करील त्याला जादा गुण. ती म्हणाली, "काका, ज्वालामुखी करू का? तयार मिळतो." आम्ही विचारले, "तुझ्या घरात रसायने कोणकोणती आहेत?" ती हसली. "आमच्या घरात कुठली आली रसायने?" आम्ही म्हटले, "बाटल्या, डबे, पुड्या, जे जे असेल त्याची यादी कर. आईच्या कामावर जे लागते तेही लिही." तिची आई एका कार्यालयात कंत्राटावर संडास-बाथरूम साफ करते.

पुढच्या रविवारी यादी आली. साबण, धुण्याचा सोडा, खायचा सोडा, हळद, लिंबू, तुरटी, चुना, फिनेल, ब्लीचिंग पावडर, संडासचे ॲसिड. शेवटच्या दोन नावांपुढे बारीक अक्षरात लिहिले होते, 'आई दोन्ही एकाच बादलीत टाकते. वास येतो. डोळ्यांतून पाणी येते.'

आमच्या शिक्षकांनी ती ओळ वाचली आणि वर्ग थांबवला. फळ्यावर जे लिहिले ते आम्हालाही त्या दिवशी प्रथमच समजले. ब्लीचिंग पावडर म्हणजे कोरड्या विझवलेल्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडून तयार केलेली पूड. संडासच्या ॲसिडात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. दोन्ही एकत्र आले की पुडीतला क्लोरीन मोकळा होतो. हा वायू हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असतो. तो वर जात नाही, खाली जमिनीलगत बसतो. आणि बंद बाथरूममध्ये उकिडवी बसून फरशी घासणाऱ्या बाईचे नाक नेमके तिथेच असते! हाच क्लोरीन २२ एप्रिल १९१५ रोजी पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ शत्रूच्या खंदकांवर सोडला होता. बादलीतला वायू तेवढा नसतो हे खरे, पण डोळे, घसा आणि छाती यांना तो तोच असतो.

मुलीचा विषय ठरला : 'घरातली आणि कामावरची सफाईची रसायने : काय एकत्र करू नये'. शिक्षकांनी सक्त ताकीद दिली की ती दोन्ही रसायने एकत्र करून पाहायची नाहीत, ॲसिडची बाटली उघडायचीसुद्धा नाही. मग तिने केले काय? हळदीच्या पाण्यात टिपकागद भिजवून, सुकवून त्याच्या पट्ट्या कापल्या. साबणाच्या आणि सोड्याच्या पाण्यात पट्टी लाल होते, म्हणजे तो पदार्थ आम्लारी. लाल पट्टीवर लिंबू पिळले की ती पुन्हा पिवळी. बाटल्यांवरची बारीक इंग्रजी अक्षरे वाचून तिने त्यांचे मराठी केले. चाळीतल्या सफाईकाम करणाऱ्या बायकांना जाऊन विचारले, तुम्ही काय काय मिसळता? बहुतेकींनी सांगितले, 'जोर येतो म्हणून दोन्ही टाकतो.' शेवटी एका मोठ्या कागदावर तिने सोप्या मराठीत तक्ता काढला. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड : कधीच नाही. एक वापरले की भरपूर पाण्याने धुवायचे, दुसरे दुसऱ्या दिवशी. दार-खिडकी उघडी ठेवायची. डोळे चुरचुरले की काम सोडून बाहेर मोकळ्या हवेत यायचे.

सरांनी जादा गुण दिले. पण त्याहून मोठी गोष्ट पुढची. आईने त्या तक्त्याची झेरॉक्स कामावरच्या सामानाच्या खोलीत दाराला आतून चिकटवली. मुकादमाने आधी नाक मुरडले, मग स्वतः उभा राहून वाचले. त्या बाई आम्हाला म्हणाल्या, "भाऊ, इतकी वर्षं वाटायचं, डोळे चुरचुरले म्हणजे संडास स्वच्छ झाला." हे वाक्य आम्ही विसरू शकत नाही. ज्ञान नसले की माणूस आपल्या त्रासालाच कामाची पावती समजतो. ते ज्ञान मुलीच्या पाठ्यपुस्तकात होते आणि घरातली बादली चार हातांवर होती. प्रकल्पाने दोन्हींची गाठ घालून दिली.

त्यानंतर एका नववीतल्या मुलाने विचारले, "काका, गटारात उतरलेली माणसे मरतात, ते का?" हाही रसायनशास्त्राचाच प्रश्न. कुजणाऱ्या घाणीतून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण प्रमाण वाढले की हा वायू वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. वास थांबला म्हणजे धोका टळला असे वाटते, आणि तोच क्षण सर्वांत धोक्याचा असतो. म्हणूनच आत पडलेल्याला काढायला तसाच उतरलेला दुसराही जातो. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे २०१३ च्या कायद्याने बंद केले आहे. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. त्या मुलाने हा प्रकल्प फक्त पुस्तके वाचून आणि माणसांशी बोलून केला. तोच योग्य मार्ग. गटाराच्या झाकणाजवळ जाण्याची गरज नाही.

सगळेच प्रकल्प एवढे गंभीर असायला हवेत असे नाही. बाप गवंडी किंवा रंगारी असेल तर चुन्याची सफेदी घ्या. भिंतीवरचा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून दोन-तीन दिवसांत कसा कडक आणि चकचकीत होतो, ते रोज बघून लिहा. बोअरिंगचे पाणी आणि नळाचे पाणी सारख्या बाटल्यांत घ्या, साबणाच्या पाण्याचे सारखेच थेंब टाकून हलवा. ज्यात फेस कमी ते पाणी कठीण. गोकर्णाच्या निळ्या फुलांचे पाणी लिंबाने जांभळे होते, सोड्याने हिरवे होते. भाताच्या पातळ पेजेत मेडिकलमधल्या टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकला की ती निळी-काळी होते. तिच्यात आवळ्याचा किंवा लिंबाचा रस थेंब थेंब टाका आणि रंग जाईपर्यंत थेंब मोजा. कमी थेंब लागले, त्या रसात क जीवनसत्त्व जास्त. रस उकळून पुन्हा करा, फरक दिसेल. सारा खर्च पंचवीस-तीस रुपये. आयोडीन लागलेले मात्र फेकून द्यायचे, खायचे नाही.

आता इंटरनेटविषयी. घरात एकच फोन, तोही बापाबरोबर कामावर जातो, हे आम्ही जाणतो. म्हणून रविवारचा एक तास मुलांसाठी राखून ठेवा, आणि त्या तासात काय पाहायचे हे आधी वहीत लिहून ठेवायला सांगा. फुकट आणि विश्वासाची ठिकाणे पुष्कळ आहेत. ई-बालभारतीवर पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. पुस्तकातला चौकोनी क्यूआर कोड 'दीक्षा'वर धड्याचे व्हिडिओ उघडून देतो. सी-डॅक आणि अमृता विश्व विद्यापीठम यांनी नववी ते बारावीसाठी 'ओलॅब्स' ही पडद्यावरची प्रयोगशाळा केली आहे. ज्या कॉलेजात ब्युरेट वर्षातून एकदा हाती येते, तिथल्या मुलीला अनुमापनाच्या पायऱ्या इथे दहा वेळा गिरवता येतात. अमेरिकेच्या कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केलेल्या 'फेट'मध्ये रासायनिक समीकरणे तराजूसारखी तोलून पाहता येतात. त्यातले काही मराठीतही आहे, आणि एकदा उतरवून घेतले की नेट नसतानाही चालते. इंग्लंडच्या नॉटिंगहॅम विद्यापीठाने २००८ पासून एकेका मूलद्रव्यावर व्हिडिओ केले, आता सर्व ११८ मूलद्रव्यांचे आहेत. आपले पद्मश्री अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊतून विज्ञान शिकवणारी पुस्तके मराठीतही मोफत आहेत. दुधातली, मसाल्यातली भेसळ घरी कशी ओळखावी याची पुस्तिका भारत सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने काढली आहे. तिच्यातली एकेक चाचणी म्हणजे एकेक प्रकल्प!

दोन गोष्टींपासून मात्र मुलांना जपा. एक, फोनवर स्फोट आणि आगीचे प्रयोग दाखवणारे पुष्कळ आहेत. शिक्षकांना विचारल्याशिवाय त्यातला एकही करायचा नाही. दुसरी, नक्कल. आता तर यंत्राला सांगितले की अख्खा प्रकल्प लिहून मिळतो. तो ज्वालामुखीचाच भाऊ. शिक्षकांनी एक प्रश्न विचारला की उघडा पडतो.

खरा प्रकल्प चार पानांचा पुरे. प्रश्न काय होता, सामान काय घेतले, काय केले, काय दिसले. प्रत्येक चाचणी तीन वेळा करायची आणि तिन्ही नोंदी लिहायच्या. एक नोंद वेगळी आली तर खोडायची नाही, तशीच ठेवायची आणि ती वेगळी का आली याचा विचार लिहायचा. आमच्यासारख्या हिशेब करणाऱ्याला हे चटकन पटते. खोडलेल्या आकड्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

पालकहो, तुम्हाला रसायनशास्त्र येत नसेल तर बिघडत नाही. तुम्ही कामावर काय हाताळता, ते मुलांना सांगा. तुम्ही वेल्डर असा, रंगारी असा, सफाई कामगार असा, पाणी खात्यात असा. तुमच्या हातात जे आहे तेच मुलाच्या पुस्तकात वेगळ्या नावाने छापलेले आहे. येत्या रविवारी घरातल्या सगळ्या बाटल्या आणि डबे ओळीने मांडा, आणि त्यांवरची लेबले मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. ज्या शब्दापाशी मूल अडेल, तिथेच त्याचा प्रकल्प सुरू होतो.