कमरागंजाचे खेळगडी

ऑस्ट्रेलिया हें नांव उच्चारलें कीं आमच्या घरांतील लहानथोरांना क्रिकेटवांचून दुसरें कांहीं आठवत नाहीं. ओसरीवर वर्तमानपत्र पसरून बसलेले वडीलधारे असोत, नाहींतर शाळेंतून धांवत येणारे नातू असोत, सर्वांच्या तोंडीं तेथील फलंदाज नि गोलंदाज. परंतु खुद्द त्या देशाच्या दक्षिण भागांत, विशेषतः व्हिक्टोरिया प्रांतांत, हिवाळा आला म्हणजे क्रिकेटचें नांव कोणी काढीत नाहीं. तेथें गांवोगांव एका निराळ्याच फुटबॉलचें राज्य असतें. आमचा एक पुतण्या नोकरीनिमित्त मेलबर्न शहरीं राहतो. त्याच्याकडे आम्ही सहकुटुंब दोन महिने मुक्कामास होतों, तेव्हां हा खेळ प्रथम पाहिला, आणि त्याच्या निमित्तानें एका लहानशा वस्तीची हकीकत आमच्या कानीं आली. ती वाचकांपुढें ठेवावी असें तेव्हांपासून मनांत होतें.

आधीं खेळाविषयीं दोन शब्द. मैदान लंबवर्तुळाकार, चेंडूहि लांबट, आणि प्रत्येक बाजूस अठरा गडी. दोन्ही टोकांस चार चार खांब उभे असतात. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू पायानें मारून पार केला तर सहा गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर एकच. चेंडू हातांत धरून पळण्यास मुभा आहे, परंतु पळतां पळतां तो मधून मधून जमिनीवर आपटून घ्यावा लागतो. सोबत्याकडे तो फेंकतां येत नाहीं. एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनें ठोसून द्यावा लागतो. प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर जवळजवळ चढून हवेंतील चेंडू झेलणें हा या खेळाचा खरा शृंगार होय. याचे पहिले नियम 1859 सालच्या मे महिन्यांत मेलबर्न येथें लिहून निघाले. ते लिहिणाऱ्यांपैकीं टॉम विल्स नांवाच्या गृहस्थाचें बालपण त्या देशाच्या मूळ रहिवाशांच्या मुलांत गेलें होतें. त्यामुळें त्या लोकांच्या ‘मार्नग्रूक’ नामक चेंडूच्या खेळाचा कांहीं अंश यांत उतरला कीं काय, याविषयीं तेथील विद्वानांत अद्यापि कडाक्याचा वाद चालू आहे.

तेथील लहान गांवांत अशा फुटबॉल-क्लबाचें महत्त्व काय, हें आपल्याकडील ग्रामदैवताच्या जत्रेवरून थोडेंबहुत समजेल. फरक इतकाच कीं, ही जत्रा हिवाळाभर दर शनिवारीं भरते. बाप थोरल्या संघांत, मुलगा धाकट्या संघांत, मुली शेजारच्या पटांगणांत नेटबॉल खेळत असतात, आणि आजोबा कुंपणाशीं उभे राहून पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत असतात. चहाफराळाच्या खोलींत राबणाऱ्या मात्र बहुतेक बायकाच. (हें पाहून आमच्या घरांतील मंडळींनीं आमच्याकडे जी सूचक दृष्टि टाकली, ती येथें नमूद करून ठेवतों.)

आतां मूळ गोष्टीकडे येतों. मरे ही त्या देशांतील सर्वांत लांब नदी. नांव ऐकून वाचकांनीं दचकूं नये. तें एका ब्रिटिश मुत्सद्द्याचें आडनांव आहे. तिच्या कांठीं हजारों वर्षें राहणारे योर्टा योर्टा लोक तिला धुंगाला म्हणतात, आणि हें नांव आमच्या कानाला अधिक गोड लागतें. गेल्याच्या मागल्या शतकाच्या मध्यास गोरे लोक मेंढरांचे कळप घेऊन या प्रदेशांत शिरले. कुरणें गेलीं, शिकार गेली, रोगराईनें माणसें गेलीं. उरलेल्यांस आश्रय म्हणून डॅनियल मॅथ्यूज नांवाच्या मिशनऱ्यानें 1874 सालीं नदीकांठीं मलोगा येथें एक ठाणें उघडलें. परंतु तेथील कडक धार्मिक शिस्तीला कंटाळून 1888 सालीं बहुतेक कुटुंबें जवळच्याच सरकारी जागेंत राहावयास गेलीं. ह्या नव्या वस्तीचें नांव कमरागंजा. त्याचा अर्थ ‘आमचें घर’ असा सांगतात.

या वस्तीच्या शाळेंतील मास्तर कोण होते, हें ऐकून आम्ही थक्क झालों. त्यांचें नांव टॉमस शॅड्रॅक जेम्स. नांव इंग्रजी असलें तरी गृहस्थ हिंदी आईबापांच्या पोटीं 1859 सालीं मॉरिशस बेटांत जन्मलेले. ऑस्ट्रेलियांत आल्यावर मलोग्याच्या मंडळींची गांठ पडली, आणि 1881 पासून ते तेथें मुलांना शिकवूं लागले. पुढें त्यांनीं त्याच समाजांतील एका मुलीशीं विवाह केला, आणि मलोगा व कमरागंजा मिळून चाळीस वर्षें, म्हणजे 1922 पर्यंत, तेथील मुलांना शिकविलें. दिवसां मुलें आणि रात्रीं मोठीं माणसें. त्यांच्या हाताखालून जे शिकले, त्यांनीं पुढें राजाकडे अर्ज लिहिले, सभा भरविल्या आणि आपल्या लोकांचें गाऱ्हाणें जगापुढें मांडलें. विल्यम कूपर हे त्यांच्या शिष्यांत आणि आप्तांत अग्रगण्य. आपल्याकडे परदेशीं गेलेल्या हिंदी माणसांची चरित्रें पुष्कळ छापून येतात. या मास्तरांचें नांव आम्हीं त्यापूर्वीं कधींहि वाचलेलें नव्हतें.

कमरागंजाच्या लोकांनीं जंगल तोडून शेतें केलीं, गहूं पिकविला. घरटीं जमिनीचे तुकडे मिळाले, आणि जो तो आपल्या बांधावर उभा राहून समाधान मानूं लागला. परंतु 1907 च्या सुमारास मूळ रहिवाशांच्या ‘संरक्षण’ मंडळानें ते तुकडे काढून घेतले. पुढें 1915 च्या कायद्यानें तर आईबापांच्या संमतीवांचून मुलें उचलून नेण्याची सत्ता त्या मंडळास मिळाली. कमरागंजांतूनहि मुली नेल्या गेल्या. ज्या संस्थेच्या नांवांत संरक्षण हा शब्द आहे, तिच्यापासूनच संरक्षण कोणीं करावें, असा प्रश्न ज्यांना पडला, त्यांची मनःस्थिति एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस आम्हीं समजावून सांगावयास नको.

अशा वस्तीनें फुटबॉल-संघ उभा केला. अ‍ॅटकिन्सन, ब्रिग्ज, नेल्सन, कूपर, निकोल्स अशीं मोजकीं घराणीं. त्यांतलेच काका-पुतणे, मामा-भाचे आणि चुलतभाऊ मिळून अठरा गडी. म्हणजे संघ कसला, एक मोठें कुटुंबच तें. पायांत चांगले जोडे नसत, सामन्यास लांबलांबच्या गांवीं जावयाचें. परंतु लहानपणापासून एकमेकांची चाल ओळखीची, म्हणून न पाहतां मागें दिलेला चेंडू नेमका भावाच्या हातीं पडे. धांवण्यांत तर त्यांचा हात धरणारा नव्हता. विल्यम कूपर यांचे चिरंजीव लिंच कूपर यांनीं 1928 सालीं स्टॉवेल येथील देशांतील सर्वांत नामांकित शर्यत जिंकली. आसपासच्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या संघांशीं वेस्टर्न अँड मॉयरा रायडिंग्ज नांवाच्या मंडळाच्या सामन्यांत हा संघ खेळे, आणि पुनःपुन्हां अजिंक्यपद घेऊन जाई. एरवीं ज्यांच्याकडे कोणी मान वळवून पाहत नसे, त्यांना पाहावयास शनिवारीं मैदानाभोंवतीं गर्दी होई.

मग काय झालें? मंडळानें नियम केला कीं, कमरागंजाच्या संघांत पंचवीस वर्षांवरील गड्यानें खेळूं नये. हा नियम बाकीच्या संघांना नव्हता. आम्हीं हें ऐकलें तेव्हां दोनदां विचारून खात्री करून घेतली. हरविणें जमत नाहीं म्हणून जिंकणाऱ्याचीं वर्षें मोजावयाचीं, ही युक्ति ज्यानें काढली त्याच्या बुद्धीचें कौतुक करावें कीं कींव करावी, हें आम्हांस ठरवितां येईना. ज्या संघांत काका नि पुतण्या एकत्र खेळतात, त्यांतून काका काढला म्हणजे संघाचा कणाच काढला, एवढें मात्र त्यास पुरतें कळलें असलें पाहिजे.

याच वस्तींत 1906 सालीं डग्लस निकोल्स जन्मले. उंची अवघी पांच फूट दोन इंच, परंतु पायांत वारा. जवळच्या टोंगाला गांवच्या संघांतून खेळून ते 1927 सालीं मेलबर्नला कार्लटन क्लबांत नशीब अजमावण्यास गेले. तेथें सोबत्यांनीं त्यांच्या अंगाला वास येतो अशी कुरकुर केली, आणि इतर गड्यांचे हातपाय चोळून देणाऱ्या नोकरानें त्यांच्या काळ्या अंगास हात लावण्याचें नाकारलें. पुण्याच्या मैदानावर बाळू पालवणकरांना चहा निराळ्या भांड्यांतून आणि तंबूबाहेर मिळत असे, हें ज्या वाचकांना ठाऊक आहे, त्यांनीं येथें परक्यांना हंसूं नये. निकोल्स कार्लटन सोडून नॉर्थकोट क्लबाकडे गेले. तेथें नांव काढून 1932 सालीं फिट्झरॉय या मोठ्या क्लबांत आले. तेथेंहि ते पहिल्या दिवशीं कपडे बदलण्याच्या खोलींत एका कोपऱ्यांत एकटेच बसून होते. तेव्हां हेडन बंटन हा त्या काळचा अत्यंत गाजलेला खेळगडी उठला आणि आपलें सामान उचलून त्यांच्या शेजारीं येऊन बसला. एवढीच गोष्ट. परंतु एखाद्या घरांत नवी सून आली असतां तिच्या पानाशेजारीं पहिल्यानें कोण बसतें, यावर तिचे पुढले दिवस कसे जातात हें ठरतें, असा आमचा अनुभव आहे. निकोल्स त्या क्लबाकडून 1937 पर्यंत खेळले, आणि 1935 सालीं व्हिक्टोरिया प्रांताच्या संघांतहि निवडले गेले.

इकडे कमरागंजाची स्थिति दिवसेंदिवस बिघडत चालली होती. शिधा अपुरा, घरें पडकीं, क्षयाचा उपद्रव, आणि वर व्यवस्थापकाची हडेलहप्पी. अखेरीस 4 फेब्रुवारी 1939 रोजीं दीडशें-दोनशें माणसें, बायकामुलांसह, अंथरूण-पांघरूण उचलून वस्तीबाहेर पडलीं आणि धुंगाला ओलांडून पलीकडे व्हिक्टोरियांत बार्माजवळ नदीकांठीं राहुट्या ठोकून राहिलीं. त्यांचे पुढारी जॅक पॅटन यांस पोलिसांनीं पकडलें. कित्येक महिने हा बहिष्कार चालला. पुष्कळ कुटुंबें परत गेलींच नाहींत. मूरूप्ना नि शेपर्टन या गांवांच्या मधल्या पुराच्या सखल रानांत गोणपाटाच्या नि पत्र्याच्या झोपड्यांत त्यांनीं बिऱ्हाडें थाटलीं. 1954 सालीं एलिझाबेथ राणी त्या वाटेनें जावयाची होती, तेव्हां या झोपड्या तिच्या नजरेस पडूं नयेत म्हणून रस्त्याच्या कडेनें गोणपाटाचा पडदा बांधण्यांत आला होता. कमरागंजाचें सरकारी ठाणें त्याच्या आदल्या वर्षीं, 1953 सालीं, बंद झालें होतें. माणसें पांगल्यावर खेळ तरी कसा राहावा?

निकोल्स मात्र आपल्या लोकांपासून पांगले नाहींत. खेळ सोडल्यावर ते धर्मोपदेशक झाले. ग्लॅडिस या त्यांच्या पत्नी कमरागंजाच्याच, आणि एका हिंदुस्थानी फेरीवाल्याच्या कन्या. दोघांनीं मिळून मेलबर्नला आलेल्या निराधार मुलामुलींसाठीं घरें चालविलीं, आणि मूळ रहिवाशांच्या हक्कांसाठीं जन्मभर खटपट केली. 1972 सालीं निकोल्स यांस ‘सर’ ही पदवी मिळाली. ती मिळविणारे ते आपल्या समाजांतील पहिलेच. 1976 सालीं ते दक्षिण ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर झाले, परंतु प्रकृति ढांसळल्यामुळें थोड्याच महिन्यांत त्यांना तें पद सोडावें लागलें. 1988 सालीं ते वारले. त्यांना पुरलें तें कमरागंजालाच, ज्या दफनभूमींत जेम्स मास्तर 1946 पासून विसांवले आहेत तेथेंच.

पुतण्यानें आम्हांस त्या बाजूला नेलें. मेलबर्नपासून वाट सव्वादोनशें किलोमीटरांची. नदीच्या दोन्ही अंगांस लाल लांकडाच्या प्रचंड निलगिरींचें दाट अरण्य आहे. पाणी संथ, गढूळ, आपल्या भाद्रपदांतील कृष्णेसारखें. पूल ओलांडतांना आमच्या मनांत सारखें येत होतें कीं, हीं माणसें याच पाण्याच्या उलट दिशेनें, घर पाठीशीं टाकून, गेलीं. 1983 च्या कायद्यान्वयें वस्तीची जमीन आतां पुन्हां योर्टा योर्टांच्या हातीं आली आहे.

परततांना शेपर्टन शहरीं थांबलों. त्या झोपड्यांत वाढलेल्या पिढीनें आणि तिच्या मुलांनीं तेथें रंबलारा या नांवाचा फुटबॉल आणि नेटबॉलचा क्लब काढला आहे. आजूबाजूच्या क्लबांनीं सामन्यांत घेण्यास पुष्कळ आढेवेढे घेतले. अखेरीस 1997 सालीं तो गोऱ्यांच्या संघांच्या जोडीनें मैदानांत उतरला. आम्हीं गेलों तो शनिवार होता. मुलींचा नेटबॉल आटोपला होता; कुंपणाशीं आज्या गालिचे गुंडाळून बसल्या होत्या, आणि त्यांच्या मांडीवरच्या नातवंडांना मैदानांतील प्रत्येक गड्याशीं आपलें नातें काय तें समजावून सांगत होत्या. दुसऱ्या संघांत केस पिकूं लागलेला एक गडी पळत होता. पंचविशी त्यानें केव्हांच मागें टाकलेली. शेजारीं उभ्या असलेल्या मुलास आम्हीं पुतण्याकरवीं विचारलें, हे कोण?

“माझे काका,” तो म्हणाला, आणि पुन्हां खेळाकडे पाहूं लागला.