ठवणीवरचा टॅब

वाई, १८ जानेवारी

चि. छकुली हिस,


परवा व्हिडिओ कॉलवर तू दोन गोष्टी विचारल्यास. तात्या आजोबांचा टॅब पोथीच्या ठवणीवर कसा आला, ही एक. आणि डेल्फ्टला अभ्यासासाठी टॅब घ्यायचाय, तर कोणता घेऊ, ही दुसरी. तात्या शेजारीच बसले होते म्हणून मी विषय बदलला, कारण सगळं त्यांच्यासमोर सांगण्यासारखं नव्हतं. आज घरात शांत आहे, म्हणून लिहायला बसले.

तात्यांनी ३७ वर्षं शाळेत भूगोल शिकवला, हे तुला माहीत आहे. विश्वकोशाचं कार्यालय आपल्या वाईत आहे याचं त्यांना किती अप्रूप, हेही तू पाहिलंयस. १९७६ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली पहिला खंड निघाला, तेव्हापासून एकेक करत २० खंड त्यांनी पगारातून आणि मग पेन्शनमधून जमवले. रोज सकाळी चहानंतर एक नोंद वाचायची, हा त्यांचा नेम. मी लहान होते तेव्हा त्या नोंदीतलं काहीतरी आम्हाला जेवताना ऐकायला मिळायचं.

दोन वर्षांपूर्वी तो नेम मोडला आणि त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं नीट झाली होती, पण डोळ्यांच्या मागच्या पडद्याची झीज सुरू झालेली. त्यात हाताला कंप. विश्वकोशाचा खंड दोन हातांनी उचलावा असा. त्यांच्या एका हातात भिंग असायचं, दुसऱ्या हाताने पान दाबून धरायचं. हात थरथरला की भिंगाखालचं अक्षर हलायचं आणि ओळ सुटायची. मला हे कळलं ते भिंगावर साचलेल्या धुळीवरून.

मग दिवाळीत मी टॅब आणला. दुकानात पहिला प्रश्न बजेट किती हा होता, आणि मीही तिथूनच सुरुवात केली. आठ इंची, हाताला हलका, २ जीबी रॅमचा, स्वस्तातला. घरी आणून विश्वकोशाच्या संकेतस्थळावरची नोंद उघडून दिली. तात्यांनी बोट टेकवलं, काही झालं नाही. पुन्हा टेकवलं. तोवर पहिला स्पर्श त्या यंत्राला उमगला होता, पान बदललं, आणि दुसरा स्पर्श भलत्याच ठिकाणी लागून तिसरंच काहीतरी उघडलं. परत मागे यायला गेले तर तोच प्रकार. चार्जरची पिन एकाच बाजूने बसणारी, ती थरथरत्या हाताला कधीच पहिल्या खेपेला बसली नाही. आठवड्यात टॅब फडताळात गेला. विचारलं तर म्हणाले, बॅटरी उतरली असेल. बऱ्याच दिवसांनी एका रात्री म्हणाले, "बाळ, आता नवं काही मला जमायचं नाही."

छकुली, हे मला फार लागलं. ज्यांनी शेकडो मुलांना अक्षांश-रेखांश शिकवले, त्यांनी एका मंद यंत्राचा दोष स्वतःच्या वयावर घेतला होता. आणि ते यंत्र मी आणलं होतं.

तुला सरकारने विद्यार्थ्यांसाठी आणलेला आकाश टॅब आठवणार नाही, तू तेव्हा बालवाडीत असशील. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी तो विद्यार्थ्यांच्या हाती दिला. सरकारला तो २,२७६ रुपयांना पडत होता. मी तेव्हा कॉलेजात शिकवत होते, आणि इतक्या कमी पैशांत मुलामुलींच्या हातात संगणक येणार म्हणून आम्हा सगळ्यांना भरून आलं होतं. पण त्यात किंमत आधी ठरली होती आणि आत काय बसवायचं ते मागून ठरलं. रॅम २५६ एमबी. पडदा बोटाच्या दाबावर चालणारा. म्हणजे काचेला नुसतं बोट लावून भागत नाही, वरचा पातळ थर दाबून खालच्या थराला टेकवावा लागतो. पुढच्याच वर्षी आयआयटी मुंबईच्या देखरेखीखाली दुसरी आवृत्ती आली, तिच्यात साध्या स्पर्शावर चालणारा पडदा आणि दुप्पट रॅम होती. त्या योजनेमागची तळमळ खरी होती, असं मी आजही मानते. फक्त वापरणाऱ्याचं बोट हिशेबात उशिरा आलं. मीही तात्यांच्या बाबतीत तेच केलं होतं.

मग एका रविवारी मी काहीच विकत घ्यायचं नाही असं ठरवून नुसती त्यांच्याजवळ बसले. हातात शिवणकामाची टेप. त्यांची आवडती जुनी प्रवासवर्णनं काढली आणि मोजली. आपली पुस्तकं बहुतेक डेमी आकाराची, साडेपाच बाय साडेआठ इंच. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत टेप धरली तर १० इंचांच्या किंचित वर. टॅबचा आकारही असाच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सांगतात. म्हणजे दुकानात ज्याला १०.१ इंची म्हणतात तो, १६:१० या लांबट प्रमाणाचा असला, तर जवळजवळ हुबेहूब डेमी पान असतो. हे कळल्यावर मला इतका आनंद झाला की मी तात्यांना हाक मारून दाखवलं.

पण नुसतं पानाएवढं असून भागत नव्हतं, अक्षर मोठं हवं होतं. इथे एक गोष्ट नीट समजून घे, तुलाही उपयोगी पडेल. विश्वकोशाची संकेतस्थळावरची नोंद म्हणजे खरा मजकूर असतो. अक्षर वाढवलं की ओळी आपोआप नव्याने जुळतात. इंटरनेट आर्काइव्हवर असलेली जुनी मराठी पुस्तकं मात्र पानांचे फोटो असतात. तिथे अक्षर वाढवलं की ओळीचं शेपूट पडद्याबाहेर जातं आणि प्रत्येक ओळीला पान डावीकडे-उजवीकडे सरकवावं लागतं. कंप असलेल्या हाताला ते अशक्य. मी पुन्हा टेप घेतली. समास सोडला तर छापील ओळ ४ इंचांची. तो लांबट टॅब आडवा धरला की रुंदी साडेआठ इंच. म्हणजे अक्षर दुप्पट होऊनही ओळ अखंड राहते. पानाचा तिसरा हिस्सा एका वेळी दिसतो आणि बोट फक्त खालून वर न्यायचं.

तुझ्या बाबांचं म्हणणं होतं की सगळ्यात भारी तो घेऊन टाकू, पैसे मी देतो. त्यांचं मन मोठं आहे, पण त्या महागड्या टॅबची ताकद व्हिडिओ जुळवायला आणि चित्रं काढायला लागते, आणि त्याचा पडदा चौरसाकडे झुकणारा. तेवढ्याच इंचांचा घेतला तर आडवा धरल्यावर तो त्या लांबट टॅबपेक्षा अरुंद. किंडलचाही विचार केला. त्याचा पडदा शाईसारख्या काळ्या-पांढऱ्या कणांचा, मागून उजेड डोळ्यात मारत नाही, आणि २०१६ च्या डिसेंबरपासून त्यावर मराठी पुस्तकंही मिळतात. ज्यांची नजर शाबूत आहे आणि जे नवी पुस्तकं विकत घेऊन वाचतात, त्यांना मी डोळे झाकून तोच घ्यायला सांगेन. पण फोटोची पानं मोठी करून सरकवताना तो पडदा रेंगाळतो. आणि त्यावर तुझा चेहरा दिसला नसता.

शेवटी घेतला तो मधल्या किमतीचा, १०.१ इंची, ४ जीबी रॅमचा. दोन्ही बाजूंनी बसणारी चार्जिंगची पिन. सिमकार्डाची सोय हवीच असा हट्ट धरला, कारण आपल्या जुन्या भिंतींतून वायफाय माजघरात पोचत नाही आणि वीज गेली की राउटरही जातो. दुकानात गेले ती तात्यांना घेऊनच. विक्रेता कॅमेऱ्याबद्दल सांगत होता तेव्हा तात्यांनी पाच वेळा नोंद उघडून मिटली, प्रत्येक वेळी पहिल्या स्पर्शात. म्हातारपणी बोटांची कातडी कोरडी होते आणि असे पडदे कोरड्या बोटाला नीट दाद देत नाहीत, म्हणून रबरी टोकाची जाडसर कांडीही घेतली. ती धरायला सोपी पडते. सेटिंगमध्ये जाऊन दाबून धरण्याचा वेळ वाढवला, म्हणजे बोट जरा रेंगाळलं तरी भलतंच काही उघडत नाही. काचेवर बिनचकाकीची फिल्म लावली. तिने अक्षर किंचित खरबरीत दिसतं, पण खिडकीचं प्रतिबिंब गेलं.

वजन अर्ध्या किलोच्या आसपास होतं आणि ती एकच काळजी उरली होती. ती तात्यांनीच सोडवली. देवघरातून पणजीची शिसवी ठवणी घेऊन आले, पुसली, उघडली आणि टॅब तिच्यावर आडवा ठेवला. पोथीही आडवीच असते ना! कोन अगदी नजरेला हवा तसा. तेव्हापासून दोन्ही हात मोकळे. दुपारी डोळे थकले की टॅब नोंद मराठीतून वाचून दाखवतो. 'च' आणि 'ज' दोन तऱ्हेने उच्चारायचे असतात, तिथे तो आवाज अडखळतो, आणि तात्या त्याला शाळेतल्या मुलासारखं दुरुस्त करतात.

आता तुझं. तू बारीक अक्षरं वाचू शकतेस, पण तुला ए-४ आकाराचे शोधनिबंध वाचायचेत आणि त्यांच्या समासात समीकरणं लिहायचीत. ए-४ चं पान डेमीपेक्षा रुंद, म्हणून तुला ४:३ च्या आसपासचा पडदा बघ. ११ इंची घेतलास तर पान पाऊणपट दिसेल, ते तुझ्या डोळ्यांना चालेल आणि सायकलवरच्या पिशवीतही मावेल. १३ इंची मोहक दिसतो, पण रोज नेणार नाहीस असं मला वाटतं.

खरा निर्णय पेनाचा आहे. ॲपलचं पेन ॲपलच्याच टॅबवर चालतं, त्याला चार्ज करावं लागतं, आणि त्यातही कोणतं पेन कोणत्या मॉडेलला हे जुळवून घ्यावं लागतं. काही टॅबच्या काचेखाली तारांची जाळी असते. पेनाला लिहिण्याची शक्ती तिच्यातूनच मिळते, त्यामुळे ते परीक्षेच्या आदल्या रात्री दगा देत नाही. पेनाची किंमत टॅबच्या किमतीत धरूनच तुलना कर, बऱ्याचदा ते वेगळं विकतात. दुकानात जाऊन हाताचा तळवा काचेवर निर्धास्त टेकव आणि 'ळ' आणि 'क्ष' झरझर दहा वेळा लिही. रेघ टोकाच्या मागे राहिली की लगेच कळेल. विक्रेता घाई करत असला तरी लिही.

आणि एका बाबतीत तू आमच्यापेक्षा नशीबवान आहेस. तुमच्याकडे वस्तूला किमान दोन वर्षांची हमी कायद्यानेच मिळते. २० जून २०२५ पासून युरोपात नव्याने बाजारात येणाऱ्या टॅबवर एक लेबलही असतं, त्यावर तो दुरुस्त करणं किती सोपं तेही लिहिलेलं असतं. मॉडेलची विक्री थांबल्यावर किमान ५ वर्षं अपडेट आणि ७ वर्षं सुटे भाग द्यावे लागतात. विद्यार्थ्याने जुनं मॉडेल स्वस्तात घ्यायला हरकत नाही, फक्त ते या तारखेच्या अलीकडचं की पलीकडचं एवढं बघ.

तात्या आज सकाळी 'नेदर्लंड्स' ही नोंद वाचत होते. समुद्र हटवून काढलेल्या पोल्डरच्या जमिनीबद्दल त्यांनी शाळेत इतकी वर्षं शिकवलं, आणि आता घरातलंच मूल तिथे आहे. तुझ्या खोलीच्या खिडकीतून कालवा दिसतो का, त्यातलं पाणी रस्त्याच्या वर आहे की खाली, हे त्यांनी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठवणीखाली ठेवलंय. रविवारी तुमच्याकडे सकाळचे नऊ वाजले की फोन लाव, इथे दीड वाजलेला असेल. ते जेवून तयार असतील.

तुझी,
आत्या