कपाटात कोंडलेली मुलगी

तळ्याकाठच्या रिकाम्या बंगल्यात चोर शिरलेत. नॅन्सी ड्रू ही गुप्तहेर मुलगी त्यांच्या हाती सापडते आणि ते तिला कपड्यांच्या कपाटात कोंडून, कुलूप घालून पसार होतात. ती घाबरते, दार बडवते, हाका मारते. ऐकायला कुणी नाही. मग अंधारात चाचपडताना कपडे टांगायचा लाकडी दांडा तिच्या हाताला लागतो. तो ती उपटून काढते आणि दाराच्या फटीत घालून, अंगातलं सगळं बळ लावून बिजागऱ्यांवर जोर देते. अशा वेळीही तिला तरफेवाला आर्किमिडीज आठवतो!

हा प्रसंग ‘द सीक्रेट ऑफ द ओल्ड क्लॉक’ या १९३० सालच्या अमेरिकन पुस्तकातला. मी ते शाळकरी वयात वाचलं आणि चोरांपेक्षा तो दांडाच माझ्या मनात घर करून राहिला. कोंडलेल्या मुली मला गोष्टींतून ठाऊक होत्या. राक्षसाच्या महालात त्या कुणीतरी येण्याची वाट बघत बसायच्या. नॅन्सीचं दारही शेवटी रखवालदारच उघडतो, पण तोवर ती हातावर हात ठेवून बसलेली नसते.

मुखपृष्ठावर लेखिका म्हणून नाव होतं कॅरोलिन कीन. अशी बाई कधी नव्हतीच. एडवर्ड स्ट्रेटमायर यांची संस्था कथानकाचा आराखडा द्यायची आणि मोबदल्यावर लिहिणारे लेखक त्यात जीव भरायचे. नॅन्सीत जीव भरला तो आयोवातल्या एका छोट्या गावच्या डॉक्टरांच्या मुलीनं, मिल्ड्रेड वर्ट बेन्सननं. पोहणारी, पत्रकारितेची पदव्युत्तर पदवी घेतलेली, चोविशीतली मुलगी. पहिल्या पुस्तकाचे तिला १२५ डॉलर मिळाले आणि नावासकट सगळे हक्क सोडून द्यावे लागले. नॅन्सीच्या मालिकेतल्या पहिल्या तीसपैकी तेवीस पुस्तकं तिची. जगाला हे नीट कळलं ते १९८० साली, प्रकाशकांच्या भांडणात तिची कोर्टात साक्ष झाली तेव्हा. जिनं एवढी रहस्यं उलगडून दाखवली, तिलाच पन्नास वर्षं रहस्य म्हणून राहावं लागलं, याचा मला आजही राग येतो.

आणि माझ्या हाती आली ती नॅन्सी मिल्ड्रेडची नव्हतीच. १९५९ पासून स्ट्रेटमायर यांची मुलगी हॅरिएट ॲडम्स यांच्या देखरेखीखाली जुनी पुस्तकं नव्यानं लिहून घेण्यात आली. सोळा वर्षांची नॅन्सी अठराची झाली. जुन्या पुस्तकांत वंशद्वेष होता, तो जायलाच हवा होता. पहिल्या पुस्तकातला कृष्णवर्णीय रखवालदार दारुडा आणि हास्यास्पद रंगवलेला होता. दुरुस्ती कशी झाली? त्याला माणूस म्हणून मान देण्याऐवजी त्याच्या जागी गोरा रखवालदार आणला. आणि त्याच हातासरशी नॅन्सीचा तिखटपणाही कमी केला. जुनी नॅन्सी मोठ्यांना बेधडक उत्तर द्यायची. नवी गोड बोलते, अदबीनं वागते. शहाणी मुलगी म्हणून तिला कुणीही घरात घेईल. मला मात्र ती जुनीच हवी.

ब्रिटनमध्ये एनिड ब्लायटननं १९४२ साली ‘फेमस फाइव्ह’ सुरू केलं. त्यातल्या जॉर्जवर आम्ही सगळ्या फिदा. जॉर्जिना म्हटलं की ती ओ द्यायची नाही. केस कापलेले, होडी वल्हवण्यात तरबेज. त्याच टोळीतली ॲन मात्र गुहेतही फळी लावून डबे मांडत बसायची. साहस हवं तर मुलगा हो, नाहीतर सँडविच कर, अशी ती वाटणी होती. तरी मला ॲनची बाजू घ्यावीशी वाटते. ती घाबरते, तसं बोलूनही दाखवते, आणि तरीही भुयारात उतरते. तिच्या धैर्याची नोंद पुस्तकात कुणीच घेत नाही.

इकडे मराठी गोष्टींत आमच्या फुरसुंगीच्या फास्टर फेणेनं सायकलवर टांग मारली की तो सुटलाच. मुलीच्या बाबतीत उंबरठ्यावरच तीन प्रश्न उभे असत: कुठे, कुणाबरोबर, किती वाजता येणार? नॅन्सीला ते कुणी विचारत नाही. तिची स्वतःची मोटार आहे, वकील वडील तिच्याशी खटल्यांची चर्चा करतात, घर हॅना ग्रूएन सांभाळते. आणि आई? ती नॅन्सीच्या लहानपणीच वारलेली आहे. मुलीला घराबाहेर काढायचं तर आधी आईला गोष्टीतून काढावं लागतं, हे मला फार उशिरा दिसलं आणि तेव्हापासून ते डोळ्यांपुढून हलत नाही. जणू आई म्हणजे फक्त अडवणारा हात.

मला अशी रहस्यमालिका वाचायची आहे, जिच्यात आई जिवंत आहे. ती काळजी करते, आणि तिचे तिन्ही प्रश्न विचारूनही होतात. मुलगी खरी उत्तरं देते. मग आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर येते आणि म्हणते, “टॉर्च घेतलीस का? आणि त्या वाड्याच्या मागच्या दाराची कडी सैल आहे हो, आम्ही तिथूनच शिरायचो.”