अनुदान : मागून येणारे दान

धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुक्यातले कुंथलगिरी म्हणजे देशभूषण आणि कुलभूषण या मुनींची निर्वाणभूमी. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी १८ सप्टेंबर १९५५ रोजी सल्लेखनापूर्वक देह ठेवला तो याच क्षेत्री. वंदना करून परतणाऱ्या श्रावकाच्या पिशवीत सहसा पेढ्याचा एक पुडा असतोच. ज्या खव्यापासून हा पेढा होतो, त्या कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

या खव्यामागे अवर्षणाचा इतिहास आहे. बालाघाटच्या या पट्ट्यात पावसाचा भरवसा नाही. शेतीने दगा दिला तरी गोठ्यातल्या म्हशीने घर तगवावे, हा येथील शेतकऱ्याचा जुना हिशेब. चार-पाच लिटर दूध आटवावे तेव्हा किलोभर खवा हाती येतो. लाकडाच्या भट्टीसमोर, धुरात उभे राहून तो सतत ढवळावा लागतो. तयार माल फार दिवस टिकत नाही. त्यामुळे भाव पडला तरी तो विकावाच लागतो. वाफेवर चालणारी कढई, शीतपेटी आणि नीट वेष्टन एवढ्या गोष्टी मिळाल्या, तर या घरांचे दिवस पालटू शकतात. अडते ते भांडवलापाशी.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तीत धाराशिवचे, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादचे, नाव होते. त्यानंतर २९ जून २०२० रोजी प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना सुरू झाली. तीत वैयक्तिक उद्योगाला पात्र खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान ठरले. अन्नप्रक्रिया करणाऱ्या बचत गटातील प्रत्येक सदस्यास ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूदही झाली. भट्टीवर खवा आटवणाऱ्या भगिनीच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे.

तालुक्याच्या बाजारपेठेत अशी भगिनी सल्ल्यासाठी अनेकदा ओळखीच्या दुकानदाराकडेच येते. तिचा प्रश्न सरळ असतो : “शेटजी, सरकार पैसे देतंय म्हणतात, मग बँकेचं कर्ज कशाला काढायचं?” या प्रश्नाला खरे उत्तर देणे हीच मोठी मदत आहे. १० लाखांचा उद्योग असेल, तर किमान १ लाख स्वतःचे घालावे लागतात आणि उरलेले ९ लाख बँकेच्या कर्जातून उभे राहतात. अनुदानाचे साडेतीन लाख मंजूर झाले तरी ते हातात पडत नाहीत. बँकेत कर्जखात्याशी जोडलेल्या वेगळ्या खात्यात ते तीन वर्षे राहतात. तोवर हप्ते नियमित गेले आणि उद्योग चालू राहिला, तरच ती रक्कम कर्जात वळती होते.

‘अनु’ म्हणजे मागून. स्वतःचे घामाचे पैसे आणि तीन वर्षांची सचोटी पुढे चालते. त्यामागून येते ते अनुदान. ‘फुकटचे पैसे’ म्हणून त्याकडे पाहणारा पहिल्याच पावलावर फसतो.

या व्यवहारात व्यापारी घराण्यांची कसोटी वेगळ्या ठिकाणी लागते. यंत्राचे कोटेशन व्यापारीच देतो. ७ लाखांचे यंत्र कागदावर १० लाखांचे दाखवा, वरचे ३ लाख रोखीने परत करा, अशी गळ कोणी घालतो. गिऱ्हाईक आपण होऊन मागते, मध्यस्थ आग्रह करतो, शेजारचा दुकानदार तयारच असतो. नकार दिला तर विक्री जाते. होकार दिला तर नुकसान कोणाचे, हे मात्र नंतर कळते. रोख परतलेल्या रकमेतला वाटा मध्यस्थ नेतो, उरलेली लग्नकार्यात खर्च होते. यंत्र कमवते ७ लाखांचे आणि हप्ता असतो ९ लाखांच्या कर्जाचा. एखादे वर्ष कोरडे गेले की खाते थकते, अनुदान हातचे जाते आणि सगळे कर्ज त्या घराच्या डोक्यावर राहते.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. राज्याच्या नियमांचे उल्लंघन, कमी-अधिक मापे ठेवणे आणि अस्सलाच्या जागी नक्कल खपवणे हे त्यांपैकी तीन. फुगवलेले कोटेशन, वजनात मारलेला काटा आणि पिठूळ भेसळीचा खवा या तिन्ही गोष्टी त्यांत चपखल बसतात. जनतेच्या करातून आलेल्या पैशाला विशिष्ट मालक दिसत नाही, म्हणून तो घेताना हात कापत नाही. व्रताची जपणूक तेथेच करावी लागते.

याच घराण्यांकडे देण्यासारखेही पुष्कळ आहे. पिढ्यान्‌पिढ्या रोजमेळ आणि खतावणी लिहिणाऱ्या हाताने बचत गटाला दुधाचा जमाखर्च ठेवायला शिकवावे. अन्नसुरक्षा नोंदणी कशी करावी, प्रकल्प अहवालासाठी जिल्हा संसाधन व्यक्तीची मदत कशी घ्यावी, हे समजावून द्यावे. महिन्यातून दोन दुपारी एवढे केले तरी ते ज्ञानदान होय. बँकेच्या पायरीवर बिचकणाऱ्या माणसाची भीती त्याने कमी झाली, तर अभयदानाचा अंशही त्यात येईल.

श्रावक घरातील तरुणांनीही अशा संधींकडे पाहावे. २७ जानेवारी २०१४ रोजी जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात अल्पसंख्याक अर्जदार विशेष प्रवर्गात मोडतो. त्याला ग्रामीण भागातील नव्या उद्योगासाठी ३५ टक्के अनुदान असून स्वतःचा वाटा ५ टक्के पुरतो. उत्पादन उद्योगाची मर्यादा २०२२ मध्ये ५० लाखांवर नेण्यात आली. मात्र एका कुटुंबातून एकालाच लाभ घेता येतो. तेव्हा पती-पत्नीच्या नावे दोन दुकाने दाखवण्याचा मोह टाळावा. जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन चालू अटी समजून घ्याव्यात आणि खरा प्रकल्प खऱ्या किमतीत मांडावा.

कुंथलगिरीहून येणारा पेढ्याचा पुडा घरोघरी प्रसादासारखा वाटला जातो. तो बनवणाऱ्यांच्या हिशेबाची वही सरळ राहावी, यासाठी एखाद्या व्यापाऱ्याने एखादी विक्री सोडली, तर तिचीही गणना त्याच्या दानात व्हायला हरकत नाही.