खुर्सीपारचा पत्ता आणि राजवाड्याची पोच

मुंबई-हावडा मार्गावरची गाडी दुर्ग सोडते आणि थोड्याच वेळात खिडकीतून पोलाद कारखान्याच्या चिमण्या दिसू लागतात. आधी भिलाई नगर, मग भिलाई पॉवर हाऊस. स्टेशनचे नावच ‘पॉवर हाऊस’! नव्या प्रवाशाला गंमत वाटते, इथल्या माणसाला त्यात काहीच विशेष वाटत नाही. पॉवर हाऊसला उतरून जी. ई. रोडने, म्हणजे नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्याने पूर्वेकडे निघाले, की खुर्सीपार लागते.

पर्यटकाने मुद्दाम जावे असे इथे काही नाही. कारखान्याची क्वार्टर्स, त्यांना लागून वाढलेल्या वस्त्या, सायकल दुरुस्तीची दुकाने, पाळी सुटण्याच्या वेळेची गर्दी. एकाच गल्लीत तेलुगू, ओडिया, भोजपुरी आणि छत्तीसगढी कानावर पडते. मराठीही पडते, आणि त्याचे कारण बरेच जुने आहे. ते पुढे येईलच.

नावात ‘खुर्सी’ आहे म्हणून राजा-सिंहासन असे काही मनात आणायचे कारण नाही. खुर्सीपार नावाची गावे विदर्भातही आहेत. म्हणूनच पत्रावर पिनकोड नसेल तर पत्र कुठल्या कुठे फिरत बसेल. ही पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती बसवणारे गृहस्थ मराठी, श्रीराम भिकाजी वेलणकर. टपाल खात्यातले मोठे अधिकारी, आणि शिवाय संस्कृतचे कवी! त्यांच्या योजनेत महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा पहिला आकडा एकच, चार. राज्ये वेगळी झाली तरी टपालाच्या हिशेबात खुर्सीपार आणि नागपूर अजून एकाच घरातले आहेत.

आता अशा ठिकाणाहून कोणी थेट लंडनच्या राजवाड्याला पत्र टाकले तर?

कल्पना हसण्यासारखी वाटते खरी, पण जगभर हा छंद असलेली माणसे आहेत. राजघराण्यांना पत्रे पाठवायची, आलेली उत्तरे जपून ठेवायची. कोणी वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवतो, कोणी लग्नाच्या, कोणी सांत्वनाचे चार शब्द. पैसे फारसे लागत नाहीत. एक कागद, एक पाकीट, परदेशी टपालाची तिकिटे आणि भरपूर सबुरी एवढेच भांडवल. पत्ताही अवघड नाही. बकिंगहॅम पॅलेस, लंडन असे लिहिले की पत्र बरोबर पोचते.

उत्तर येते, पण राजाच्या हातचे येते असे समजू नये. एलिझाबेथ राणीच्या काळात सामान्य लोकांच्या पत्रांना उत्तरे लिहिण्याचे काम तिच्या मानकरी स्त्रिया आणि पत्रव्यवहार कचेरी करत असे. ‘महाराणींनी मला आपले आभार मानायला सांगितले आहे’ असा त्याचा थाट. खाली सही त्या बाईंची. मोठा समारंभ किंवा दुःखद प्रसंग असेल तर छायाचित्र असलेले छापील कार्ड येते. इंग्लंडच्या राजघराण्यातले लोक मागणाऱ्याला सह्या देत नाहीत हा तिथला जुना शिरस्ता. तेव्हा सहीच्या आशेने पत्र टाकणाऱ्याने आधीच मन घट्ट करावे.

जाणते संग्राहक मात्र पत्राइतकेच पाकिटाला जपतात. राजवाड्यातल्या टपालावर राजमुद्रेची अक्षरे उमटवलेली असतात. ८ सप्टेंबर २०२२ ला एलिझाबेथ राणी वारल्या आणि त्याच महिन्याच्या अखेरीस चार्ल्स राजांची नवी मुद्रा वापरात आली. एका शिक्क्याने सत्तर वर्षांचा काळ संपवला. ज्याच्याकडे दोन्ही शिक्क्यांची पाकिटे असतील त्याने एका राज्यारोहणाचा पुरावा ट्रंकेत ठेवला आहे असे समजायला हरकत नाही.

युरोपातले इतर राजवाडेही आहेत. स्वीडनमध्ये कार्ल गुस्ताफ १९७३ पासून गादीवर आहेत. डेन्मार्कच्या मार्गारेथे राणींनी १४ जानेवारी २०२४ ला आपण होऊन गादी सोडली आणि मुलगा फ्रेडरिक राजा झाला. गंमत अशी, की त्याच डेन्मार्कमध्ये सरकारी टपालसेवेने २०२५ च्या अखेरीस घरोघर पत्रे वाटणे बंद केले. राजा आहे, पण पत्र घेऊन येणारा सरकारी पोस्टमन नाही! जवळ पाहायचे तर भूतान आहे. नेपाळचा राजवाडा मात्र या यादीतून कायमचा गेला. २८ मे २००८ ला तिथली राजेशाहीच संपली.

भिलाईत बसून राजेरजवाड्यांचा विचार करण्यात एक वेगळाच विरोधाभास आहे. हा कारखाना उभा राहिला तो सोविएत रशियाच्या मदतीने. करार २ फेब्रुवारी १९५५ चा. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ ला झाले. ज्या देशात १९१८ मध्ये झार आणि त्याचे कुटुंब गोळ्या घालून संपवले गेले, त्या देशाचे इंजिनिअर इथे आले आणि भाताच्या शेतांवर पोलाद ओतले. त्याच काळात जर्मनांनी राउरकेला आणि इंग्रजांनी दुर्गापूर उभारले. १९६१ साली एलिझाबेथ राणी भारतात आल्या, तेव्हा दुर्गापूरचा कारखाना पाहायला गेल्या. भिलाईला यायचे त्यांना कारण नव्हते.

पण राजवाडे भिलाईपासून लांब नाहीत. इंग्रजी अमलात छत्तीसगडात चौदा संस्थाने होती. गाडीने पश्चिमेला थोडेसे गेले की राजनांदगाव. तिथल्या राजाच्या वास्तूत दिग्विजय महाविद्यालय भरते आणि तिथेच १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध शिकवत होते. घर मराठी, लेखणी हिंदी. पलीकडे खैरागड. तिथल्या राजा-राणींनी आपला वाडा संगीताच्या विद्यापीठाला दिला आणि अकाली गेलेल्या मुलीचे, इंदिराचे नाव त्याला दिले. १९५६ पासून त्या वाड्यात तानपुरे लागतात. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले. आपल्याकडच्या राजवाड्यांना पत्र टाकले तर उत्तर बहुधा कुलसचिवाच्या कचेरीतून येईल!

आणि आता ते जुने कारण. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सरदार भास्करपंत रतनपुरावर चालून आले आणि छत्तीसगड मराठ्यांच्या हाती गेले. पुढे बिंबाजी भोसले रतनपुरात राहूनच कारभार पाहू लागले. दुर्ग, रायपूर, बिलासपूरकडची जुनी मराठी घराणी यांतली बरीच त्या काळापासूनची. ज्या जमिनीवर आज खुर्सीपार आहे ती तेव्हा नागपूरच्या राजाची.

११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले. डलहौसीने वारस मानला नाही आणि १८५४ मध्ये राज्य खालसा केले. मग सुरू झाली पत्रे. बांकाबाई राणीसाहेब आणि घरातल्या इतर राण्यांनी अर्ज केले, वकील धाडले, कलकत्त्याला आणि लंडनलाही. आमच्या घराण्याचा दत्तक मान्य करा, एवढेच मागणे. उत्तर काय आले? राज्य तर परत मिळाले नाहीच, राजवाड्यातले जडजवाहीर कलकत्त्याला लिलावात निघाले. शेवटी दत्तक मुलाला, जानोजींना, साताऱ्याजवळच्या देऊरचे राजे म्हणून किताब मिळाला. नागपूरच्या गादीच्या बदल्यात देऊर!

या कामी साताऱ्याच्या रंगो बापूजींइतकी चिकाटी कोणी दाखवली नसेल. १८३९ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला पाठवले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. दोन-चार महिन्यांचे काम असे वाटले असेल. राहिले चौदा वर्षे! तिथेच इंग्रजी शिकले, अर्जांमागून अर्ज लिहिले, सभा घेतल्या, पार्लमेंटातल्या लोकांना भेटले. मधेच १८४७ मध्ये महाराज वारले. ज्यांच्यासाठी दाद मागायची तेच उरले नाहीत, तरी हा माणूस मागे फिरला नाही. परतला तो हात हलवत. पुढे १८५७ च्या धामधुमीत दिसेनासा झाला तो कायमचा. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९४८ मध्ये त्यांच्यावर मोठा ग्रंथ लिहिला. एका उत्तरासाठी चौदा वर्षे परमुलखात काढणाऱ्याला छंदिष्ट म्हणता येणार नाही. पण राजवाड्याच्या उत्तराची वाट पाहणे म्हणजे काय, हे त्यांच्याइतके कोणालाच कळले नसेल.

मराठी माणसाला तिकडून नुसता नकारच आला असेही नाही. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात कल्याणच्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्यांच्या कॉलेजच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी ही बातमी व्हिक्टोरिया राणीला कळवली. विंडसरहून राणीच्या वतीने आभाराची पोच आली. वर्षभरात आनंदीबाई गेल्या. वय अवघे एकवीस. राजवाड्याच्या पोचेने क्षय बरा होत नाही.

त्याच सुमारास मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. अकराव्या वर्षी झालेले लग्न, नांदायला जायला नकार. १८८७ च्या मार्चमध्ये कोर्टाने सांगितले, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. इंग्लंडच्या वृत्तपत्रात छापलेल्या पत्रात रखमाबाईंनी महाराणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाची आठवण देऊन कायदा बदलण्याची विनवणी केली. महाराणीने निकाल फिरवला, असे आजही अनेक ठिकाणी छापून येते. ऐकायला गोड आहे. प्रत्यक्षात १८८८ मध्ये तडजोड झाली, नवऱ्याने २००० रुपये घेऊन दावा सोडला. रखमाबाई लंडनला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि १९५५ पर्यंत जगल्या. श्रेय राणीला देण्यापेक्षा रखमाबाईंच्या हट्टाला द्यावे हे बरे.

आपल्या काळातली गोष्ट मुंबईच्या डबेवाल्यांची. ४ नोव्हेंबर २००३ ला चार्ल्स, तेव्हा युवराज, चर्चगेट स्टेशनबाहेर त्यांना भेटले. मावळातल्या माणसांनी ओळख धरून ठेवली. एप्रिल २००५ मध्ये चार्ल्स यांचे दुसरे लग्न ठरले तेव्हा डबेवाल्यांनी वर्गणी काढून साडी आणि पगडी घेतली. आणि राजवाड्याकडून आले चक्क लग्नाचे आमंत्रण! रघुनाथ मेदगे आणि सोपान मरे विंडसरला जाऊन आले. २०१८ मध्ये हॅरीच्या लग्नाला पैठणी गेली, मे २०२३ मध्ये राज्याभिषेकाला पुणेरी पगडी आणि उपरणे. हे काही मागणे नव्हते, अर्ज नव्हता. घरच्या कार्याला आहेर करावा तसा तो आहेर होता. बांकाबाईंना जे उत्तर दीडशे वर्षांपूर्वी मिळाले नाही, त्याहून मोकळे उत्तर डबेवाल्यांना मिळाले ते बहुधा याचमुळे. मागणाऱ्याशी राजवाडे जपून बोलतात.

खुर्सीपारसारख्या वस्तीत अशा पाकिटाचे मोल निराळे आहे. श्रमिक वस्त्यांत माणूस आयुष्यभर पत्त्याच्या मागे असतो. मध्य प्रदेश सरकारने १९८४ मध्ये शहरातल्या भूमिहीनांना राहत्या जागेचे पट्टे देण्याचा कायदा केला. पट्टा मिळाला की पत्ता पक्का झाला. रेशनकार्ड असो की शाळेचा दाखला, आधी पत्ता विचारतात. टपाल्याने आणलेल्या बहुतेक कागदांना उत्तर दिले नाही तर दंड होतो. एखादेच पाकीट असे, ज्यात कोणी काही मागत नाही, आणि ज्यावर आपले नाव, गल्ली, खुर्सीपार, भिलाई, जिल्हा दुर्ग हे सारे दूरदेशीच्या कारकुनाने नीट उतरवून काढलेले असते. अक्षरात एखादी चूक असते. ‘खुर्सीपार’ इंग्रजीत कसे लिहायचे यावर पॉवर हाऊसमध्येच एकमत नाही, तिथे विंडसरच्या माणसाला काय बोल लावणार!

जुने टपाल जपणाऱ्याने पाकिटाची दुसरी बाजूही पाहून ठेवावी. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत या जिल्ह्याची राजधानी नागपूर होती, मग भोपाळ झाली. १ नोव्हेंबर २००० नंतर पत्त्यातला ‘मध्य प्रदेश’ खोडून ‘छत्तीसगड’ लिहावे लागले आणि राजधानी रायपूर, इथून तासाभराच्या अंतरावर आली. घर तेच, दार तेच, वर क्वार्टरचा नंबरही तोच.